एकेचाळीस नंबरची पेशी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काका म्हणत. काकांचं काम ऐकून पाहुणे हमखास हसत, कारण काका दिवसभर पेशींचा माग काढायचे. आजारी उंदराच्या लसिकागाठीत सूक्ष्मदर्शकाखाली रोगाशी लढणाऱ्या टी पेशी हिरव्या चमकत भटकत असत. दर अर्ध्या मिनिटाला एक चित्र निघे, आणि प्रत्येक चित्रात त्याच पेशीवर टिचकी मारून काका तिचा रस्ता आखत. संगणकालाही हे जमतं, पण दोन पेशी एकमेकींना घासून गेल्या की तो गडबडतो. काका गडबडत नसत. निदान तशी ख्याती होती.

नियम एकच. पेशी चौकटीबाहेर गेली की तिचा नंबर बंद. आत कुणी आली की नवा नंबर.

काकांची बायको पूल तपासणारी इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी तिची बदली रेल्वेने चौदा तासांवरच्या गावी झाली. मुदत आता संपत आली होती, पण तिथलं ऑफिस 'कायमच्याच राहा' म्हणून मागे लागलं होतं. उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं. काकांचं फोनवर रोज एकच पालुपद, "तू ये गं. सगळं होतं तस्संच ठेवलंय." ठेवलं होतंही. तिची खुर्ची, तिचा टॉवेल, तिने अर्धवट टाकलेलं शब्दकोडं. स्वतःचा चष्मा मात्र त्यांना रोज नव्याने शोधावा लागे.

गुरुवारी मॅडमनी हाक मारली. मॅडम काकांहून वीस वर्षांनी लहान आणि हुद्द्याने चार पायऱ्या वर.

"काका, एकेचाळीस नंबरची सोमवारी चौकटीबाहेर गेली. आज आत आलेल्या पेशीलाही तुम्ही एकेचाळीसच दिलाय?"

"तीच आहे ती."

"कशावरून?"

"चालीवरून. जराशी डावीकडे ओढते."

"काका, पेशीला पाय नसतात."

मॅडमनी खुर्ची ओढली. "सोमवारी ती कोरी होती. एकदा शत्रूची ओळख पटली की पेशी फुगते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. कुणी मारेकरी होते, कुणी मदतनीस, कुणी आठवण ठेवणारी. ज्या खुणांमुळे गाठीचा रस्ता सापडायचा, त्याही बऱ्याच जणींच्या अंगावरून जातात. आजची बघा, दुप्पट आहे. आणि तुम्ही म्हणता, जशी गेली तशी परत आली!"

"आठवण ठेवणारी म्हणालात ना?" काकांनी आशेने विचारलं.

"ती आजाराची आठवण ठेवते, काका. तुमची नाही."

काकांनी जागेवर येऊन सोमवारची रेघ तोडली. नव्या पेशीला एकशे सात नंबर दिला. एवढ्याशा कामाला त्यांना पाऊण तास लागला.

जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडताच, त्यांनी जिन्यात उभं राहून फोन लावला.

"बोल. सगळं तस्संच आहे ना?" बायको म्हणाली.

"ते राहू दे. तू हल्ली सकाळी उठून पहिल्यांदा काय करतेस?"

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"सांग तरी."

"पोहायला जाते. वर्ष झालं. आणि परवा दोरावर लोंबकळून पुलाचा खांब तपासला, चाळीस फुटांवर."

"तुला तर शिडीवर चक्कर यायची!"

"यायची." ती हसली. ते हसणंही काकांच्या ओळखीचं नव्हतं.

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी? तू मला खुर्ची पुसल्याच्या बातम्या देतोस." मग तिचा आवाज खाली आला. "उद्या काय सांगू रे त्यांना?"

'ये' हा शब्द दोन वर्षं काकांच्या जिभेच्या टोकावर होता. आज तो तिथेच राहिला.

"राहते म्हणून सांग," ते म्हणाले. "मी येतो शनिवारी. जमलं तर... पुढचं तिथे बोलू."

"पलंग अरुंद आहे इथला."

"असू दे."

"स्टेशनवर येऊ न्यायला?"

"ये. पण लांबूनच हात कर. गर्दीत मला ओळखू आली नाहीस तर?"

"दोन्ही हात करते," ती म्हणाली, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी दोघांनीही फोन ठेवला नाही.