बू यूसुफची वीस काडतुसं

कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारात झहूर मुकादमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा दापोलीकडचा, हात असा स्थिर की केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी थरथरायची नाही. म्हणूनच बू यूसुफ त्याच्याकडे आला. हा कुवेती व्यापारी शिकारीचा वेडा. पण विकतची काडतुसं त्याच्या रायफलीतून कधी इकडे जात, कधी तिकडे.

"आपणच भरू," तो मुंबईत शिकलेल्या हिंदीत म्हणाला. सामान त्याचं, तराजू झहूरचा.

अठ्ठावन्न सालचा हिवाळा दोघांनी त्यातच घालवला. पितळी नळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. मग बू यूसुफनं शंभर पावलांवरच्या पत्र्यावर तीन-तीन बार काढायचे. कणाकणानं दारू वाढवत नेली, आणि एके दिवशी तिन्ही भोकं एका रुपयाखाली झाकली गेली. बू यूसुफनं त्याला मिठीच मारली. त्याच मापानं झहूरनं वीस काडतुसं भरून दिली.

ऊन तापू लागल्यावर एका शुक्रवारी सकाळी बू यूसुफ वफ्र्याकडे वाळवंटात शिकारीला गेला. इकडे झहूर तराजू पुसायला बसला, तर वजनाच्या पारड्याखाली बोटाला चिकट लागलं. मेण! घड्याळातले बारीक खडे उचलायचं, माप ठरल्यावर कुठल्याशा दुरुस्तीत चिकटलेलं.  ते पारडं जड, म्हणजे वीसच्या वीस काडतुसांत दारू जास्त. माप आधीच रायफल सोसेल तिथपर्यंत ताणलेलं. त्यात हे ऊन, तापली की दारू आणखी जोर धरते. रायफलीची मागची खीळ, तो बोल्ट, फुटून मागे आला तर थेट डोळ्यात!

शेजारचा हारून भाजीची गाडी चालवायचा. झहूरनं त्याला ताटावरून उठवलं.

"झहूरभाय, एवढंसं मेण. त्यानं काय होतंय?"

"एवढंसंच पुरतं. गाडी काढ."

वाटेत त्याला धड बसवेना. चाकाखाली खडा उडाला तरी बार झाल्यासारखं वाटे. दुपारी तंबू दिसला, आणि समोर बू यूसुफ, दोन्ही डोळ्यांनिशी, लाकडी हातोडीनं बोल्ट ठोकत.

"काय जोरदार भरलंस! पण हरीण निसटलं. गोळी वरून गेली."

"किती उडवलीत?"

"दोन. दुसरं आत अडकलंय."

पहिली रिकामी नळी वाळूत पडली होती. तिची टोपी चेपून सपाट झालेली, जोर जास्त झाल्याची खूण. उन्हावर ढकलावं, असं झहूरच्या मनात आलंसुद्धा.

"चूक माझी," तो म्हणाला, आणि मेणाचं सगळं सांगितलं.

बू यूसुफनं हातोडी खाली ठेवली. त्यानं हारूनला कॉफी दिली, झहूरला नाही.

"अठरा उरलीत. घेऊन जा."

तीन आठवडे तो दुकानाकडे फिरकला नाही. झहूरनं अठराही काडतुसं उकलली. पारडी अदलाबदल करून दारू दोन-दोनदा तोलली, काडतुसं पुन्हा भरली. तरी घड्याळ उघडता उघडता तो मध्येच उठे आणि तराजू तपासे. शेवटी न राहवून तो काडतुसं घेऊन बू यूसुफच्या दारात उभा राहिला.

"पहिला बार मी काढणार."

"बंदूक कधी धरली आहेस?"

"नाही."

बू यूसुफनं त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग रायफल आणली. गावाबाहेर झहूरनं पत्र्यावर नेम धरला, डोळे मिटले आणि चाप ओढला. खांद्याला असा दणका बसला की तो मागेच बसला. पण बोल्ट अलगद सरकला, नळी बाहेर पडली. बू यूसुफनं ती गरम नळी उचलून टोपी उन्हात निरखली; ती चेपलेली नव्हती.

"सरक," म्हणत त्यानं दुसरं काडतूस घातलं आणि रायफल स्वतःच्या गालाला लावली.