डेरेकची शेवटची भेट

डेरेक विंटरला पुरून आठवडाही झाला नव्हता, तोच लायनल बॅगशॉ भिंग आणि हातमोजे घेऊन त्याच्या घरी हजर झाला. मात्र बोलावणं मॉरीनचंच होतं. नवऱ्याचा संग्रह ती लिलावात काढणार होती. त्याआधी लायनलने एक वस्तू स्वतःसाठी निवडावी, अशी डेरेकची इच्छा होती. दोघांची चाळीस वर्षांची मैत्री. जुन्या ब्रिटिश फौजी रिव्हॉल्वरांच्या नादापायी दोघांनी अख्ख्या इंग्लंडातले बाजार पालथे घातले होते.

मॉरीनने जेवणाच्या टेबलावर दोन रिव्हॉल्वर मांडून ठेवली होती. दोन्ही कायद्याप्रमाणे निकामी केलेली. एक पहिल्या महायुद्धातलं, थोराड वेब्ली. दुसरं एन्फिल्ड, त्यानंतरच्या युद्धातलं.

"चहा घेणार ना?" मॉरीनने विचारलं.

"हं," लायनल म्हणाला. त्याचे डोळे वेब्लीवरून हलत नव्हते. मूळचा रंग शाबूत, सगळ्या भागांवर एकच क्रमांक. असलं वेब्ली तो कित्येक वर्षं शोधत होता, आणि ते डेरेककडे होतं हे त्याला डाचतही होतं.

चहा आला, निवला. डेरेकने शेवटी फार भोगलं का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"आणि हे?" मॉरीनने एन्फिल्ड पुढे सरकवलं.

लायनलने ते उचलून उलटंपालटं केलं. "हे कसलं? अंगठ्याने मागे ओढायचं घोड्याचं शेपूटच छाटलंय. रणगाड्यातल्या पोरांना असली देत असत, कशात अडकू नयेत म्हणून. संग्रहात कुत्रं विचारत नाही याला." त्याने मुठीवर भिंग धरलं. "त्यात कुणा गाढवाने खिळ्याने काहीतरी खरडलंय. वाट लावलीय नुसती. डेरेकने हे भंगार कशाला सांभाळलं?"

"म्हणजे वेब्ली?"

"अर्थात वेब्ली! यात विचार तो काय करायचा?"

मॉरीनने त्याचा निवलेला कप उचलला. मग म्हणाली, "काय खरडलंय, वाचलंस तरी का?"

त्याने पुन्हा भिंग लावलं. वाकडीतिकडी अक्षरं होती. डब्ल्यू. बॅगशॉ.

विल्फ्रेड बॅगशॉ. त्याचा बाप. माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात बापाचं युद्धातलं रिव्हॉल्वर आहे, एवढंच लायनलने ऐकलं होतं. बाप गेल्यावर लायनलने डबा न उघडताच एका दुकानदाराला देऊन टाकला होता आणि बदल्यात एक देखणी तलवार घरी आणली होती.

"डेरेकला पुढे ते त्याच दुकानात सापडलं," मॉरीन म्हणाली. "म्हणाला, आत्ता दिलं तर तो हे पुन्हा कुणाला तरी देऊन टाकेल. म्हातारा होऊ दे, मग किंमत कळेल. दोन्ही समोर ठेव म्हणाला. तू हेच उचलशील, अशी पैज लावली होती माझ्याशी."

लायनलचे कान तापले. आपण बापाला गाढव म्हणालो, तेही मेलेल्या मित्राच्या टेबलाशी बसून.

"मॉरीन, मी... मग हेच देतेस का?"

"नाही रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तू निवडलंस ना? ने वेब्ली."

नको म्हणायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. तरी त्याने ते जुन्या टॉवेलात गुंडाळलं, आभार मानले आणि बाहेर पडला. गाडीत बसल्यावर स्वतःची किळस आली. परत जाऊन दार ठोठावावं असं वाटलं, पण पाय उचलेना.

एन्फिल्ड मॉरीनने गावच्या संग्रहालयाला दिलं. वसंतात लायनल ते पाहायला गेला. काचेमागे विल्फ्रेडचं नाव होतं, आणि खाली: डेरेक विंटर यांजकडून.

राखणदार बाई जवळ आली. "तुमच्या ओळखीतलं कुणी?"

लायनलने टोपी काढली. "माझे वडील," तो म्हणाला. "मी त्यांचं हे देऊन टाकलं होतं."

 बाईने त्याला बसायला खुर्ची आणून दिली.