अनाथ आमेन

मंगळवारी दुपारी युदीने "आमेन" म्हटलं आणि दिवस मावळायच्या आत इस्राएलमधल्या बनेई ब्राकच्या त्या इमारतीत एकही दार असं उरलं नाही, ज्यामागे ही बातमी पोचली नव्हती. चार वर्षांचा युदी तोवर एक शब्दही बोलला नव्हता. त्याची आई पेर्ल आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली. आजोबा रेब झेलिग यांनी शाब्बातच्या, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या, सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्यांना खाणं जाहीर करून टाकलं: हेरिंग मासे, केक आणि ओव्हनमध्ये भाजलेला शेवयांचा कुगेल, पोटभर.

ज्या बाईमुळे हे घडलं ती ब्लुमा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होती. पाच लेकरांच्या आईला, डोक्यावर लग्न झालेल्या बायकांचा विग आणि खांद्याला खेळण्यांची जड पिशवी असताना, हे शोभत नव्हतं. पण पाय ऐकेनात.

बरीच वर्षं बालवाडीत शिकवल्यावर ब्लुमा वर्तन-विश्लेषण, म्हणजे युदीसारख्या मुलांना बोलतं करण्याची विद्या, शिकायला बसली होती. वर्गात सगळ्या तिच्यासारख्याच. कोणी गरोदर, कोणी लेकीसाठी स्थळं बघणारी. रविवारी तिची शेवटची परीक्षा होती. युदीच्या घरी, युदीसोबत, तिच्या शिक्षिका रोझमरिनबाईंच्या डोळ्यांदेखत. युदीने कोणी न सुचवता, आपल्या तोंडाने एखादी गोष्ट मागायची. मागितली तर ब्लुमा पास. नाही मागितली तर तिचं वर्ष पुन्हा, आणि युदी दुसऱ्या कोणाच्या हाती.

बुधवारी वर्गात तिने बातमी सांगितली तेव्हा रोझमरिनबाई हसल्या नाहीत. त्या सहसा हसतच नसत. फार खूश झाल्या की "हं" म्हणत.

"आमेनच्या आधी काय झालं?"

"मी त्याला बांबा दाखवला." बांबा म्हणजे शेंगदाण्याचे कुरकुरे, त्यासाठी युदी भिंतही चढला असता.

"आणि लगेच तो आमेन म्हणाला?"

"लगेच नाही, बाई. मधे मी ब्राखा म्हटली."

काही खाण्याआधी देवाचे आभार मानणारी ब्राखा म्हणायची आणि ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं, हे तिथल्या प्रत्येकीच्या अंगात दुधाबरोबर भिनलेलं. युदी बोलत नसल्याने त्याच्या वतीने ब्लुमाच ब्राखा म्हणायची. खोली बदलली की पुन्हा म्हणायची. तिच्या निरीक्षणाच्या तक्त्यात युदीची मान किती वळली तेसुद्धा होतं. ब्राखा मात्र कुठेच नव्हती. ती टिपण्यासारखी घटना आहे हे ब्लुमाच्या मनातच आलं नव्हतं. आपला श्वास कोण लिहून ठेवतं?

"म्हणजे त्याला वाटतंय, आमेन म्हटलं की बांबा मिळतो," ब्लुमा पुटपुटली.

"वाटत नाही, मिळतोच. तूच देतेस."

मागच्या बाकावरून मिरी म्हणाली, "ब्लुमा, आमच्या ह्यांनाही शिकव ना ग. ते जेवायला बसले की नुसते कपाळाला आठ्या घालतात. आमेन म्हटलं तरी पुष्कळ."

सगळ्या खिदळल्या. ब्लुमाही हसली.

गुरुवारी पेर्लच्या घरी पाहते तर प्रकरण फारच पुढे गेलेलं. युदी फ्रिजसमोर उभा राहून आमेन म्हणत होता. लिफ्टच्या बटणाला आमेन. किराणावाल्याच्या आइस्क्रीमच्या पेटीला आमेन. आणि जो तो गहिवरून त्याला काही ना काही देत होता. शेजारीण तर सांगत होती, "एवढंसं पोर, पण दुकानातसुद्धा देवाला विसरत नाही!"

ब्लुमाने पेर्लला स्वयंपाकघरात गाठलं.

"आमेनवर खाऊ देणं बंद?" पेर्लने कपाळाला हात लावला. "हे माझ्या सासऱ्यांना तू सांग. मी आत्ताच कुगेल सांगून आलेय."

"तुम्ही सोबत या."

"येते. पण बोलायचं तू."

रेब झेलिग जेवणाच्या टेबलाशी जाडजूड पोथी उघडून बसले होते. त्यांनी नजर वर केली नाही.

"मुली, आमेन म्हणणाऱ्या लेकराला नाही म्हणायचं? कुठल्या ग्रंथात आहे हे?"

ब्लुमाला तिची सगळी पाठ्यपुस्तकं आठवली. त्यातलं एकही या टेबलावर चाललं नसतं.

"रेब झेलिग," ती धीर करून म्हणाली, "तो फ्रिजला आमेन म्हणतो. फ्रिजने कुठे ब्राखा म्हटली?"

ओळीवरून सरकणारं म्हाताऱ्याचं बोट थांबलं.

"अनाथ आमेन!" ते ताडकन उठले. "अरे देवा! ब्राखा न ऐकता म्हटलेलं आमेन म्हणजे आईबापावाचूनचं पोर. म्हणू नये म्हणून आपल्या थोरांनी बजावून ठेवलंय. लेकराला माफ आहे, पण आपण? आपण त्यावर चॉकलेटं वाटतोय! पेर्ल! चॉकलेटं कुलपात घाल!"

"बाबा, कुलूप नाहीये."

"मग तुझ्या आईकडे पाठव!"

ब्लुमाने घाईघाईने उरलेलं सांगून टाकलं. युदीने आधी मागायचं. मगच ब्राखा, मग आमेन, मग खाणं. मागितल्याशिवाय ब्राखाच म्हणायची नाही.

"हाच तर क्रम आहे," रेब झेलिग म्हणाले. "तुमच्या शाळेला आत्ता कळला?"

शाब्बातच्या सकाळी खाली प्रार्थनागृहात पुरुष पडद्याच्या एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि पोरं दोन्हीकडे. रेब झेलिगनी टेबलावर थाप मारून सगळ्यांना बजावलं: युदीच्या अनाथ आमेनला कोणी तुकडाही द्यायचा नाही. मग कुगेल आला. वाफाळता, काळ्या मिरीचा, कडेला करपून गोड झालेला.

युदी बायकांच्या टेबलाशी आला. "आमेन."

कोणी हललं नाही.

"आमेन!" पडद्यापलीकडून कोणीतरी खोकून हसू दाबलं. "आमेन! आमेन! आमेन!!" युदी लाल झाला, टाचा आपटू लागला. एका काकूंचा हात कुगेलकडे निघाला; पेर्लने तो वरच्या वर पकडला. बायकांनी रुमाल तोंडात कोंबले होते. ब्लुमा गुडघ्यांवर बसली, ताटलीतला तुकडा त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि ओठांचा चंबू करून हळूच म्हणाली, "कु..."

युदीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. टाचा थांबल्या.

"कु. गे."

ब्लुमाने इतक्या भरभर ब्राखा म्हटली की शब्द एकमेकांवर आदळले. युदीचं आमेन या वेळी अनाथ नव्हतं, आणि त्याच्यामागे साऱ्या प्रार्थनागृहाने इतक्या जोराने आमेन म्हटलं की पडद्याच्या कड्या वाजल्या.

दाराशी रोझमरिनबाई उभ्या होत्या. त्या पलीकडच्याच गल्लीत राहत. ब्लुमा धावत त्यांच्याकडे गेली. "पाहिलंत, बाई?"

"पाहिलं. पण तू 'कु' म्हणालीस. आणि शाब्बातला लिहिणं वर्ज्य, मग मी लिहिते का?"

रविवारी सकाळी युदीच्या खोलीत रोझमरिनबाई कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर पेन्सिल घेऊन बसल्या. ब्लुमाने बांबाचं पाकीट उंच फळीवर ठेवलं, दिसेल असं, हाती लागणार नाही असं. तोंड घट्ट मिटलं. ओठांचा चंबू होऊ नये म्हणून ते आतून दाताखाली धरले.

युदीने बांबाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग ब्लुमाकडे.

"कुगे," तो स्पष्ट म्हणाला.

पेन्सिल हलली. ब्लुमा गर्रकन वळली. "बाई, झालं ना? मागितलं ना त्याने?"

"मागितलं. आता दे."

"काय?"

"मागितलं ते मिळालं पाहिजे, लगेच. नाहीतर तो काय शिकला?"

पेर्ल दारातूनच ओरडली, "ब्लुमा, कुगेल काल सगळा संपला! आम्ही बशासुद्धा पुसून खाल्ल्या!"

ब्लुमा उडालीच. समोरचं दार वाजवलं: नाही. वरचं: बाई अंघोळीला. त्याच्या वरचं दार एका म्हाताऱ्या हंगेरियन बाईने उघडलं.

"कुगेल आहे का? एक तुकडा! कसलाही!"

"सकाळी सकाळी कुगेल? डोहाळे लागलेत की काय तुला?"

"मला नाही हो! युदीने मागितलाय! तोंडाने!"

म्हातारी वळली ती वयाला न शोभणाऱ्या वेगाने. फ्रिजचं दार, कागदाचा आवाज, आणि हातात एक थंडगार चौकोन. "मांसाच्या ओव्हनमधला आहे हं, त्यावर दुधाचं चालत नाही. नंतर पोराने कोको मागितला तर तुझं तू निस्तर."

"मागू दे! मागू दे त्याला!" ब्लुमा जिन्यातून ओरडली. विग कानावर सरकला होता, एक चप्पल वरच राहिली होती.

युदी जागचा हलला नव्हता. ब्राखा, आमेन, घास. तो डोळे मिटून चावत राहिला. घास संपला. त्याने रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग ब्लुमाकडे, आणि हे त्याला कोणीही शिकवलेलं नव्हतं:

"अजून."

"हं," रोझमरिनबाई म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "हं!"

पण ते ऐकायला ब्लुमा तिथे होतीच कुठे. ती तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचली होती, आणि वरून म्हातारी विचारत होती, "आता काय म्हणतोय?"