आत्याचा एकपानी बायोडेटा

आमची आत्या बावीस वर्षं बस-आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसली. मग आगारवाल्यांनी खिडकी बंद करून तिथे थंड पेयांचं मशीन ठेवलं आणि आत्या चोपन्नाव्या वर्षी घरी बसली. बसली म्हणजे काय, आठवड्याभरात तिने आमच्या घरातली हरवलेली झाडून सगळी चीजवस्तू हुडकून काढली. आईने विणलेला, बाबांनी मुद्दाम हरवलेला स्वेटरसुद्धा. त्या दिवशी बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला नोकरी लाव. ताबडतोब."

मी एका कंपनीत लोकांचे बायोडेटा चाळते. दिवसाला दोनशे. त्यामुळे या विषयातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.

आत्याने स्वतः लिहून आणलेला बायोडेटा सात पानांचा होता. सुरुवात : 'माझा जन्म झाला तेव्हा डॉक्टर रजेवर होते.' शेवटच्या पानावर 'अवगुण' असा मथळा, दोनदा अधोरेखित. खाली लिहिलं होतं, 'दुपारी दोन ते अडीच डोळा लागतो. हाक मारल्यास जाग येते.'

"आत्या, हे खोडायचं."

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच!"

एका हॉटेलात पाहुण्यांचं ठेवलेलं-विसरलेलं सामानघर सांभाळायला माणूस हवं होतं. जागा एक, अर्ज तीनशे. मी तिला समजावलं, "एकच पान हवं. त्यात आकडे हवेत, म्हणजे वाचणाऱ्याची नजर थांबते. छत्र्या किती परत केल्यास?"

"सहा हजार चारशे बारा." मग जरा विचार करून, "अकरा धर. एक माझीच होती."

एकाच कवळीवर दोन माणसांनी हक्क सांगितला, तेव्हा तिने दोघांना आळीपाळीने ती लावून टोस्ट खायला लावला होता. ("मधे धुतली होती गं!") त्याचं मी 'वाद मिटवण्याचं कौशल्य' केलं. बसमध्ये राहिलेलं कुणाचं तरी कासव तिने नऊ दिवस बादलीत सांभाळलं होतं. आता माझ्या हाताला चांगलीच लय आली होती. मी लिहिलं, 'वन्यजीव हाताळणीचा अनुभव.' ही ओळ मात्र तिला वाचून दाखवली नाही.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. आत्या म्हणाली, "लिहिलंयस तू, तर चल तूही." म्हणून मी मुलाखतीच्या खोलीत तिच्या मागच्या खुर्चीवर बसले.

मॅनेजर घामाघूम होता. बायोडेटातल्या छत्र्यांच्या आकड्याकडे त्याने पाहिलंही नाही. "तीनशे अर्जांत वन्यजीव फक्त तुमच्याकडे आहे," तो म्हणाला.

आत्याने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"साहेब, ते कासव होतं," आत्या म्हणाली. "बादलीत होतं. मी त्याला काकडी द्यायचे. पळून जाईल अशी भीतीसुद्धा नव्हती."

माझे कान तापले. पण मॅनेजर उठून उभा राहिला. "चालेल! कासव तर कासव. या माझ्याबरोबर."

सामानघरात टेबलक्लॉथने झाकलेला पिंजरा होता. कुणीतरी लिफ्टपाशी विसरलेला राखाडी पोपट. कापड जरा उचललं की शिव्या घालायचा, म्हणून पाच दिवसांत दाणापाणी आत सरकवण्यापलीकडे कुणी त्याच्याजवळ थांबलं नव्हतं.

आत्याने कापड काढलं.

"गाढवा!" पोपट ओरडला.

आत्या स्टूल ओढून बसली, पर्समधून तिने कागद-पेन काढलं आणि नेहमीच्या सरकारी आवाजात म्हणाली, "बोला. काय हरवलंय?"

पोपटाने आणखी सात-आठ शिव्या दिल्या. आत्या मान डोलावत राहिली. आगारात तिने याहून वाईट ऐकलं होतं. शेवटी पोपटाचा साठा संपला. तो जरा थांबला, मग मऊ आवाजात म्हणाला, "आ करा. अजून मोठा. दुखतंय का?" आणि पाठोपाठ घशातून हुबेहूब दात कोरायच्या यंत्राचा आवाज काढला. मॅनेजरने गाल धरला.

"दातांच्या डॉक्टरचा आहे," आत्या म्हणाली. "तुमच्या रजिस्टरात बघा."

रजिस्टरात गेल्या आठवड्यात दातांचे डॉक्टर एकच निघाले. मॅनेजरने त्यांना फोन लावला आणि फोन ठेवता ठेवताच आत्याला म्हणाला, "सोमवारपासून या."

डॉक्टर तासाभरात धापा टाकत आले. पिंजरा टॅक्सीत राहिला असं समजून ते पाच दिवस टॅक्सीवाल्यांकडे खेटे घालत होते. पिंजऱ्याला मिठी मारून रडले. पोपट त्यांना "गाढवा" म्हणाला, तेव्हा तर हुंदकेच फुटले. आत्याने दोन ठिकाणी सह्या घेतल्याशिवाय पिंजरा सोडला नाही.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुमचे दात फुकट तपासून देतो!"

"माझे ठणठणीत आहेत," आत्या म्हणाली आणि तिने माझा दंड धरून मला पुढे ढकललं. "हिचे बघा. कोरायचं यंत्र मोठ्ठं असेल तर तेच घ्या."