एकट्याच्या वाटेतलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. पण मला ना लोखंड, ना किल्ली. मी एका लायब्ररीत राहतो. प्रोग्रामर मंडळी एकमेकांना वापरायला देतात, त्या तयार कोडच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. एकदा तिथे एकाच फाइलवर दोन कामं एकदम तुटून पडली आणि दोघांनी अर्धी अर्धी वाक्यं पळवली. म्हणून मला त्या फाइलच्या दारात बसवलं. एक काम आत गेलं की मी लागायचो, ते बाहेर आलं की उघडायचो. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढे त्या लायब्ररीसोबत मी एका बोलणाऱ्या यंत्रात आलो. ते यंत्र ज्या घरात होतं, तिथल्या दादाचा आवाज घशाच्या ऑपरेशननंतर गेला होता. तो टाइप करायचा आणि यंत्र बोलायचं. दादा मोठा थट्टेखोर. पण यंत्र आवाजाची फाइल कणाकणाने वाचायचं, आणि दर कणाला मी लागायचो, उघडायचो. आत दुसरं कोणीच नव्हतं! लाग, उघड, लाग, उघड. जिवाला क्षणाची उसंत नाही. हा पहारा कोणासाठी, तेच कळेना. या खोळंब्याने तिकडे दादाचा विनोद यायचा तो विषय बदलल्यावर. आई विचारायची, "काय म्हणालास रे?" दादा नुसता हात हलवायचा.

त्याची धाकटी बहीण प्रोग्रामर. तिला वाटलं, यंत्रच म्हातारं झालंय. "दादा, थोडक्यात लिही ना," ती म्हणाली. दादा थोडक्यात लिहू लागला, मग नुसतं हो-नाही. शेवटी त्याने यंत्र कपाटात टाकलं. तिथे मला विसावा मिळायला हवा होता, पण मी तळमळतच राहिलो. दादाचं बोलणंच बंद झालं होतं.

बहीण घाबरली. यंत्र बाहेर काढून तिने वेळ कुठे जातो ते शोधलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, यात तू एकटाच बोलतोस. मग हे कुलूप कोणाला अडवतंय?"

माझ्या शेजारीच लायब्ररीत एकट्या कामासाठी ठेवलेलं एक बिनकुलपाचं दार होतं. तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. तिने दादाचं बोलणं तिकडून वळवलं.

जेवताना ती आईला कुलपाची कहाणी सांगत बसली. कहाणी काही संपेना. मध्येच यंत्र बोललं, "आई, ते उरलेलं कुलूप हिच्या तोंडाला लाव."

आईला हसता हसता ठसका लागला. बहीण हसली आणि रडलीही.

मित्रांनो, दोघे एकदम दाराशी येत असतील तर मला जरूर लावा. नुसत्या भीतीपोटी एकट्याच्या वाटेत मात्र बसवू नका. मला अजून स्वस्थ बसवत नाही. दादाच्या प्रत्येक शब्दाला मी दचकून उठतो. पण तोवर तो शब्द आईपर्यंत पोहोचलेला असतो.