अकरा मिनिटांनी थोरला

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, जरा थांबल्या, बोट दोन इंच उजवीकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "हा एक. आणि हा दुसरा."

बायको आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. तो मात्र भिंतीला टेकून उभा राहिला.

"घराण्यात कुणी जुळं आहे का?" बाईंनी कागद भरता भरता सहज विचारलं.

"आमच्याकडे तर नाही बाई कुणी," बायको म्हणाली.

"मी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मीच जुळा आहे. एक भाऊ आहे मला. अकरा मिनिटांनी थोरला."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. बायकोने पडल्या पडल्या मान वळवून त्याच्याकडे बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवऱ्याला एक मोठा भाऊ आहे, तो परगावी असतो, जाणंयेणं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. सासूबाई लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेलेल्या, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं. भाऊ चार-पाच वर्षांनी मोठा असेल, कशावरून तरी बिनसलं असेल, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं. भाऊबंदकी कुठल्या घराला चुकली आहे?

बसथांब्यावर आल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमचंच तोंड घेऊन एक माणूस जगात हिंडतोय, आणि मला ते डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कळतंय?"

"विषय निघाला नाही कधी."

"विषय निघत नसतो. काढावा लागतो."

त्याने काढला नाही. बस आली, दोघं चढली.

तो काचेच्या कारखान्यात कामाला होता. खिडक्यांच्या, दुकानांच्या, आरशांच्या काचा मापाने कापायच्या, कडा घासायच्या, नेऊन बसवायच्या. सदतिसाव्या वर्षी हाताखाली सहा माणसं होती आणि सगळे त्याला 'काकडी' म्हणत, कारण कितीही तापला तरी तो काकडीसारखा थंड, आवाज चढवत नसे. जुळ्याची बातमी कळली तशी कामावर त्याची खेचायला सुरुवात झाली. "लोकांना दुकानात एकावर एक फुकट मिळतं, काकडीला घरात मिळालं!" एकाने तर त्याच्या डब्यासमोर दुसरा रिकामा डबा आणून ठेवला. आतापासून सवय कर म्हणे. तो हसला. हसण्यासारखंच होतं.

घरी मात्र त्याने तयारीचा सपाटाच लावला. दोन खोल्यांपैकी आतली खोली रिकामी केली, भिंती खरवडून रंगवल्या, कपडे वाळत घालायला खिडकीबाहेर चार जास्तीच्या दोऱ्या बांधल्या. जोडीने सगळं आणलं. दुपटी, टोपरी, बाटल्या. इथवर ठीक होतं. पण मग त्याने कपाटाच्या दाराची काच काढून तिथे प्लायवूड ठोकलं. टेबलावरची काच भंगारात दिली. भिंतीवरचा आरसा उतरवला. फोटोंच्या चौकटींतल्या काचासुद्धा काढल्या. खिडकीची सोडली तर काचवाल्याच्या घरात काच औषधाला उरली नाही.

सहावा महिना सरत आला होता. रविवारच्या दुपारी तो खिडकीच्या तावदानाची मापं घेऊ लागला, तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

"आता हीसुद्धा काढणार? मग उजेड कुठून यायचा?"

"जाड प्लास्टिक लावतो."

"मुलं आज जन्मली तरी तिथवर हात पोचायला दोन वर्षं आहेत." ती खुर्चीवर बसली. पोट आता एवढं मोठं झालं होतं की बसणं हेही एक कामच होतं. "कसली भीती घातली आहे तुम्हाला कुणी? मी कुणाशी बोलू शकते, सांगा. त्या भावाशी बोलू?"

त्याने टेप गुंडाळला. आणि उभ्या उभ्याच, तिच्याकडे न बघता, चौदा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं.

दोघं भाऊ एकाच दिवशी त्या कारखान्यात लागले होते. घरात थोरला आणि धाकटा, बाहेर 'जोडी'. कुणालाच ओळखू येत नसत. पगाराच्या दिवशी मुकादम दोघांना दोन वेगळ्या दारांतून बोलवायचा, म्हणजे एकच जण दोनदा येऊ नये. दोघांना काम शिकवलं ते मिस्तरींनी. मोठ्या हाताचा, कमी बोलणारा माणूस. काच कापताना त्यांच्या हाताकडे बघत राहावं.

काचेचे मोठे ताव उभे करायला लाकडी घोडा असतो. त्यावर ताव तिरके टेकवून ठेवतात आणि पुढून पट्टा आवळतात. तेविसाव्या वर्षी, एका शनिवारी, धाकट्याने एक ताव काढायला पट्टा सोडला. ताव काढला, टेबलावर ठेवला. पट्टा पुन्हा आवळायचा होता. तेवढ्यात कुणीतरी चहा आल्याचं ओरडलं. आत्ता येतो नि आवळतो, म्हणून तो बाहेर गेला. चहा अर्धा झाला असेल-नसेल, आत आवाज झाला. अकरा ताव घसरले होते आणि मिस्तरींचा उजवा हात त्यांच्याखाली होता.

हात वाचला, पण बोटं गेल्यासारखीच. ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

मुकादमाने घोड्यापाशी कुणालातरी पाठमोरं बघितलं होतं. जोडीतला एक, एवढं नक्की. त्याने सगळ्यांसमोर थोरल्याला हाक मारली. "तूच होतास ना रे?"

"थोरल्याने माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला. "मी खाली बघितलं."

"आणि?"

"तो काही बोललाच नाही. त्याच दिवशी त्याला काढला. मी म्हटलं, उद्या सांगू. डोकी शांत होऊ देत."

बाहेर कुणाचं तरी मूल सायकलची घंटी वाजवत होतं.

"आईला तरी सांगितलंत?" तिने विचारलं.

हेच तर सगळ्यात वाईट होतं. थोरल्याला गावात कुणी काम देईना, म्हणून तो परगावी गेला. वर्षातून एकदा आईला भेटायला यायचा. आई त्याला दारातूनच मिस्तरींकडे पाठवायची. "आधी जाऊन पाय धर त्यांचे, मग घरात ये." तो मुकाट्याने जायचा. धाकटा तेव्हा आतल्या खोलीत असायचा आणि रेडिओचा आवाज वाढवायचा. अशी सहा वर्षं गेली. मग आई गेली. जाताना तिच्या मनात एक मुलगा निष्काळजी होता आणि एक गुणी. लोक समाचाराला आले तेव्हा निम्मे चुकून दुसऱ्याच भावाचं सांत्वन करून गेले. दोघं शेजारी उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर थोरला आला नाही.

बायकोने टेप त्याच्या हातातून काढून घेतला. "खिडकीची काच राहू द्या. जाऊन सांगून या. मुलं यायच्या आत."

पुढच्या रविवारी तो सकाळच्या गाडीने निघाला. पत्ता जुन्या पाकिटावर होता. थोरल्याचं इस्त्रीचं दुकान आहे एवढं ऐकून होता. स्टँडवरून रस्ता विचारत निघाला, तोच मागून कुणीतरी खांद्यावर थाप मारली. "काय राव, शुक्रवारी देतो म्हणालात नि इथे फिरताय! माझी पँट कुठे आहे?" त्याने वळून बघितलं. गिऱ्हाईक गोंधळलं, सॉरी म्हणालं, मग पुन्हा तोंडाकडे निरखून बघत म्हणालं, "तुम्ही त्यांचे..."

"भाऊ," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला होता.

त्याच गिऱ्हाइकाने त्याला दुकानापर्यंत पोचवलं. थोरला इस्त्री करत होता. समोरून टक्कल पडलं होतं, चष्मा लागला होता. त्याने मान वर केली, बघितलं आणि शर्टाची बाही पलटली.

"बस," तो म्हणाला. "पँट कपाटात आहे हो, घेऊन जा." हे गिऱ्हाइकाला.

गिऱ्हाईक गेलं. धाकटा बसला नाही. वाटेत घोकून आणलेलं सगळं विसरला आणि एका दमात म्हणाला, "तो पट्टा मी सोडला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मी नव्हतो म्हणजे तू होतास. एवढं गणित मला येतं."

"मग बोलला का नाहीस?"

थोरल्याने इस्त्री उभी ठेवली. "तू बोलशील म्हणून. त्या दिवशी म्हटलं, घाबरला आहे, उद्या बोलेल. मग म्हटलं, महिन्याने बोलेल. दोन वर्षं मी दुकानातला फोन पहिल्या घंटीला उचलायचो. बायको हसायची मला." त्याने चष्मा सारखा केला. "आई गेली तेव्हा म्हटलं, आता तरी. तू माझ्या शेजारी उभा होतास रे. एवढ्या अंतरावर."

"चुकलो मी."

"हो."

तेवढंच. 'जाऊ दे' नाही की 'झालं गेलं' नाही. दुकानात वाफेचा आणि गरम कापडाचा वास होता. धाकट्याने जुळ्यांचं सांगितलं. थोरल्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, पण त्याने पुढचा शर्ट ओढला.

"बरं झालं. बायकोला जप." मग, खालीच बघत, "हे मला सांगून उपयोग काय? मला माहीतच होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांग. आईला सांगायची वेळ तू घालवलीस. मिस्तरी अजून आहेत."

चहा विचारला त्याने, पण परक्याला विचारावा तसा. धाकट्याने तो घेतला आणि परतीची गाडी धरली.

मिस्तरींचं घर त्याच्या घरापासून पाच गल्ल्या पलीकडे होतं. चौदा वर्षांत तो त्या गल्लीतून गेला नव्हता. बाजाराला जायचं तर वळसा घालून जायचा. सोमवारी कामावरून सुटल्यावर गेला. मिस्तरी खिडकीपाशी बसले होते. अंगात बिनबटणांचा सदरा होता. उजव्या हाताची बोटं सुकलेल्या पानासारखी आत वळलेली.

त्याने सांगितलं. या वेळी दम लागला नाही, पण प्रत्येक शब्द ओढून काढावा लागला.

मिस्तरी रागावतील, हात उगारतील, हाकलून देतील, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. म्हातारा नुसता त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दर वर्षी यायचा तो. त्या पायरीवर बसायचा. तासभर."

"आई पाठवायची."

"मी आतून सांगायचो, घरी नाही म्हणून सांगा. सहाही वर्षं. एकदाही दार उघडलं नाही." त्यांनी उजवा हात मांडीवर ओढून घेतला. "हाताचं काय, गेला तो गेला. कारखान्यात हात जातातच. पण ज्याने काही केलं नाही त्याला मी पायरीवर बसवून ठेवला. तू मला ते करायला लावलंस. हा हात दिसतो तरी, ते कुणाला दाखवू?"

तो उठेना. शेवटी मिस्तरींनीच डाव्या हाताने टेबलावरची वही सरकवली.

"त्याचा नंबर लिही. आणि जा. रागावलेला नाही मी. पण आत्ता जा."

त्याने नंबर लिहिला. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही की दोष दिला नाही. म्हणाली, "आता सांगितलंत, ते बरं केलंत. उशीर झाला, तोही खराच."

तीन आठवड्यांनी कामावर कुणीतरी म्हणालं, "काकडी, काल सुट्टीवर होतास की काय? मिस्तरींच्या दारात पाठमोरा बसलेला बघितला तुला. म्हातारा आणि तू, एका ताटात जेवत होतात."

तो काल दिवसभर इथेच होता. हातातली काच त्याने सांभाळून टेबलावर टेकवली. थोरला आला होता तर. मिस्तरींकडे आला, बसला, जेवला, आणि पाच गल्ल्या अलीकडे न येता परत गेला.

त्याला राग आला नाही. यायला हक्कच नव्हता. पण त्या दिवशी काच कापताना त्याने दोनदा माप चुकवलं.

आठव्या महिन्याच्या शेवटी, सकाळी नऊच्या सुमारास मुली झाल्या. दोघी. छोट्याशा, लालबुंद, मुठी आवळलेल्या. नर्सने दोघींच्या मनगटांना वेगवेगळ्या पट्ट्या बांधल्या. बायको दमून झोपली तेव्हा तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला आणि बराच वेळ नुसता फोन हातात धरून राहिला. मग लावला.

पाच घंट्या वाजल्यावर तिकडून उचलला गेला.

"दोन मुली झाल्या," तो म्हणाला.

"वजन?"

"एक पावणेदोन किलो. दुसरी जरा कमी."

"बायको?"

"बरी आहे."

पलीकडे कुणीतरी शर्टांची संख्या मोजत होतं.

"बघायला येशील?" त्याने विचारलं.

"आत्ता नाही," म्हणाला. "खोटं कशाला सांगू? मिस्तरींकडे येणं सोपं होतं. तुझ्याकडे यायला मन होत नाही अजून." मग म्हणाला, "दोघींना वेगवेगळ्या नावांनी हाक मारत जा. 'जोडी' म्हणू देऊ नकोस कुणाला."

"नाही देणार."

"ठेवतो. गिऱ्हाईक आलंय."

फोन बंद झाला. आतून रडण्याचा आवाज आला. दोघींपैकी कोण रडते आहे ते त्याला बाहेरून कळलं नाही, म्हणून तो उठला आणि बघायला आत गेला.