मास्तरबाईंचं माप

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे. शिंप्याच्या गळ्यातली, मापं घ्यायची. साठ इंच लांबी, बोटभर रुंदी, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी. कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो जणी एकाच दिवशी छापून निघाल्या. मला मालकीण चांगली मिळाली, एवढं मात्र माझं नशीब.

दुकानात तिला सगळे मास्तरबाई म्हणत. कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या दुकानात बेतायची कातर हाती घेणारी ती पहिलीच बाई. नाव पडलं ते चेष्टेनं. दोन वर्षांत चेष्टा गळून पडली आणि नाव तेवढं राहिलं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ती मनाशी आकडा धरायची आणि मग मला त्या बाईच्या कमरेभोवती फिरवायची. अर्ध्या इंचाचाही फरक पडत नसे.

बावीस वर्षं मी तिच्या गळ्यात होते. त्यामुळे जे झालं ते मला सगळ्यांच्या आधी कळलं.

तिचं एकोणपन्नासावं वर्ष होतं. थंडीची सकाळ, बाकीच्या बायका स्वेटर घालून मशिनींवर बसलेल्या. मास्तरबाई एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होती. एकाएकी तिच्या छातीतून गरम लोट उठला. गळा, कान, कपाळ, सगळं क्षणात लालबुंद. मी ओलीचिंब झाले. घामाचा एक थेंब त्या गिऱ्हाइकाच्या मानेवर पडला. त्या बाईनं रुमालानं मान पुसली. ते पुसणं मास्तरबाई कधी विसरली नाही.

मग असे लोट दिवसातून सात-आठ वेळा यायला लागले. पाळीचंही तंत्र बिघडलं. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की अंगावरून इतकं जायचं की ती भिंतीला धरून चालायची. एकदा दुकानात उठली तर स्टुलाला डाग. तिनं गडबडीनं त्यावर कापडाचा तागा ठेवला आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर स्टूल घासून धुतलं. आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं नीट झाकणारी बाई, आपलंच अंग तिला झाकता येईना.

जेवायच्या सुट्टीत ती ट्रायलच्या खोलीत जाऊन कडी लावायची आणि मला स्वतःच्या कमरेभोवती फिरवायची. एकोणतीसची एकतीस झाली. एकतीसची साडेतेहतीस. तिला वाटलं खाणं जास्त होतंय. तिनं दुपारचं जेवण सोडलं. पोट तसंच राहिलं, हातापायांच्या मात्र काटक्या झाल्या. विंचरलं की कंगव्यात केसांचा पुंजका. कातडी कोरडी, ओढल्यासारखी. सकाळी बोटं आखडलेली असायची. कोमट पाण्यात बुडवल्याशिवाय कातरीच्या कडीत अंगठा जाईना.

एका दुपारी तिची थोरली बहीण ब्लाउजच्या मापाला आली होती. मास्तरबाई दार लावून तिला हळूच म्हणाली, "ताई, यांच्याजवळ जायचं म्हटलं तरी नको वाटतं. आत सगळं कोरडं पडलंय गं. सोलल्यासारखं दुखतं."

"मग नाही म्हणावं," ताई म्हणाली. "या वयात कसलं आलंय कौतुक? आपल्या आईनं कधी तोंड उघडलं होतं का?"

आईचं नाव निघालं आणि मास्तरबाईला आईचं ते वय आठवलं. तिची आई ऐन थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघडायची, क्षुल्लक गोष्टीवरून रडायची. तेव्हा हीच मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आईचं डोकं फिरलंय." आईनं उठून खिडक्या लावून घेतल्या होत्या. आता माफी मागायलाही ती उरली नव्हती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता. खिडकी उघडी राहावी म्हणून तो मफलर बांधून झोपायचा. पण एके दिवशी त्यानं आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. "तुला मोकळी हवा लागते, म्हणून," म्हणाला. तिनं मान हलवली. कुणीच कुणावर आवाज चढवला नाही. आवाज चढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

मग ती गोष्ट घडली. जवळच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं कुर्त्यासाठी एक कापड आणलं. आभाळी रंगाचं, तलम. तिच्या आईनं जपून ठेवलेलं आणि शिवायचं राहून गेलेलं. आई वारली होती. "सांभाळून हं मास्तरबाई, याला जोड मिळायची नाही," ती म्हणाली.

माप मीच घेतलं होतं. उंची बेचाळीस. वहीत बेचाळीसच लिहिलेलं होतं.

मास्तरबाईनं कापड टेबलावर पसरलं, मला त्यावर ताणलं, खडू उचलला. तेवढ्यात लोट आला. तिनं डोळे मिटले, टेबलाची कड घट्ट धरली. हल्ली डोक्यातले आकडेही असेच निसटायचे; हातातली वस्तू ती घरभर शोधायची. डोळे उघडले तेव्हा तिचं बोट माझ्या बत्तिसावर होतं. मी त्या बोटाखाली होते. मला जीभ असती तर मी किंचाळले असते. तिनं खडूची रेघ मारली आणि कातर चालवली.

न्यायला आली तेव्हा शिक्षिका भांडली नाही. कापडाचा आखूड तुकडा तिनं हातावर घेतला, त्यावरून बोटं फिरवली आणि एवढंच म्हणाली, "आईचं होतं हो ते." तुकडे पिशवीत घातले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचे मालक जवळ आले. खाली बघत म्हणाले, "मास्तरबाई, थोडे दिवस काजं-बटणं बघा. बेतायला मी एक मुलगी बोलावलीय."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

मालक गल्ल्याकडे वळले.

नव्या मुलीची स्वतःची टेप होती. तरी मास्तरबाई रोज सकाळी मला गळ्यात घालूनच दुकानात यायची आणि कोपऱ्यात बसून बटणं लावायची. दिवसभरात माझा एकही आकडा कुणाच्या कामी यायचा नाही. वर्षभरानं तिची पाळी कायमची थांबली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

पण अंगानं पाठ सोडली नाही. एका दुपारी दुकानाच्या पायरीवरून तिचा पाय घसरला. एकच पायरी. तिनं हात टेकला आणि उजवं मनगट काटकीसारखं मोडलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगटाचा फोटो उजेडात धरला. "हाडं फार ठिसूळ झालीयत. पाळी जाताना होतं असं. त्यावर औषधं असतात, त्या गरम लोटांवरही असतात. आधी का नाही आलात?"

"आले होते ना," मास्तरबाई म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, वयाचं आहे, मन रमवा."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला.

प्लास्टर निघालं तेव्हा हाड वाकडं जुळलेलं होतं. कातर उचलता येते. दाबता येत नाही. सुईही धरवत नाही. दुकान सुटलं.

गेल्या महिन्यात तिची मुलगी माहेरी आली होती. आईला बघून म्हणाली, "आई, तू बुटकी झालीस की काय?" हसतच म्हणाली. मास्तरबाई उठली, दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली. नवऱ्यानं मला धरून माप घेतलं आणि वाचलं. पूर्वीच्या उंचीपेक्षा बरोब्बर दोन इंच कमी.

"टेप जुनी झालीय," तो म्हणाला. "ताणली गेली असेल."

मास्तरबाईनं मला घेतलं आणि जेवणाच्या टेबलाची कड मोजली. छत्तीस इंचांचं ते टेबल. छत्तीसच भरलं.

"टेप बरोबर आहे," ती म्हणाली.

मुलीचा फोन वाजला, ती बोलत बोलत बाहेर गेली. मास्तरबाईनं डाव्या हातानं मला गुंडाळलं, कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

तेव्हापासून मी इथंच आहे. अंधारात माझी छपाई पुसट होत चाललीय. पलीकडे तिचं चालणं ऐकू येतं, हळू, एकेक पाऊल चाचपून टाकलेलं. मला परत बाहेर काढावं असं माझं काही मागणं नाही. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला एकदा जवळ बसवून विचारा, कुठं दुखतं. मास्तरबाईला ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला फक्त मोजता येत होतं.